रुग्ण समाधानी, नर्स दमलेली: या दोन आकड्यांचं नातं मोजायचं कसं?

नर्सिंग, समाजकार्य, मानसशास्त्र, हॉस्पिटल मॅनेजमेंट, पब्लिक हेल्थ. यांपैकी कुठल्याही विभागातला सिनॉप्सिसचा गठ्ठा चाळा, एक विषय हमखास सापडतो: ‘अमुक जिल्ह्यातील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांमधील बर्नआउट व रुग्णसमाधान यांचा सहसंबंधात्मक अभ्यास’. आराखडाही ठरलेला असतो. एक प्रश्नावली नर्सना, एक रुग्णांना. दोन्हींचे स्कोअर एसपीएसएसमध्ये टाकायचे, कोरिलेशन काढायचं आणि शेवटच्या प्रकरणात शिफारस करायची की कर्मचाऱ्यांसाठी योग व ताणव्यवस्थापनाच्या कार्यशाळा घ्याव्यात.

विषय फालतू असता तर सोडून दिला असता. तो महत्त्वाचा आहे, म्हणूनच या आराखड्याची जरा कडक तपासणी करू या. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा आरआरसीसमोर जाणार आहात. टूल छापून वाटायच्या आधी हे प्रश्न पडलेले बरे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. रुग्णाला आधार देण्याचं काम कुणीतरी स्वतःच्या वेळेतून आणि अंगमेहनतीतून करत असतं. यश मोजताना ती किंमत मोजली नाही, तर यशाचा आकडा अर्धवट राहतो. थकवा मोजताना कामाचा भार मोजला नाही, तर थकवा हा त्या माणसाचाच दोष ठरतो. आपल्याकडचे बहुतेक आराखडे या दोन्ही ठिकाणी घसरतात.

‘बर्नआउट’ म्हणजे आपण नक्की काय मोजतो?

हा शब्द संशोधनात आणला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, 1974 मध्ये. पुढे 1981 मध्ये क्रिस्टिना मास्लाच आणि सुसान जॅक्सन यांनी मास्लाच बर्नआउट इन्व्हेंटरी, म्हणजे एमबीआय, प्रसिद्ध केली. आज या विषयावरचा कुठलाही प्रबंध उघडला, तर बहुधा हेच टूल दिसेल. सेवाक्षेत्रातल्या लोकांसाठीच्या आवृत्तीत 22 विधानं आहेत: भावनिक थकव्याची 9, रुग्णाबद्दल कोरडेपणा येण्याची 5 आणि कामातून काहीतरी साध्य झाल्याच्या भावनेची 8. प्रत्येक विधान किती वेळा लागू पडतं, ते 0 ते 6 मध्ये सांगायचं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पहिल्या दोन भागांत जास्त गुण म्हणजे वाईट, तिसऱ्यात जास्त गुण म्हणजे चांगलं. तरीही तिन्हींची सरळ बेरीज करून ‘एकूण बर्नआउट स्कोअर’ काढणारे प्रबंध आहेतच. समजा, एका नर्सचे गुण 45, 15 आणि 10 आहेत. दुसरीचे 15, 7 आणि 48. दोघींची बेरीज 70. पहिली पार खचलेली आहे, दुसरी कामात रमलेली आहे आणि तुमच्या तक्त्यात दोघी सारख्याच! ही बेरीज चूक आहे हे कळायला स्टॅटिस्टिक्सची पदवी लागत नाही, फक्त टूल वाचावं लागतं.

दुसरा घोळ कटऑफचा. भावनिक थकवा 27 किंवा जास्त म्हणजे ‘उच्च’, हा आकडा अनेक ठिकाणी दिसतो. तो आला कुठून? आजारी माणसं आणि निरोगी माणसं तपासून कुणी ही रेषा ओढलेली नव्हती. मूळ नमुन्यातल्या लोकांचे गुणांप्रमाणे तीन भाग पाडले आणि वरच्या तिसऱ्या भागाला ‘उच्च’ म्हटलं. वर्गातल्या वरच्या एक तृतीयांश मुलांना ‘उंच’ म्हणण्यासारखंच हे. वर्ग बुटक्यांचा असला तरी एक तृतीयांश उंच निघणारच. पुढे मूळ मॅन्युअलच्या चौथ्या आवृत्तीतून हे कटऑफ काढून टाकण्यात आले. आपल्याकडे मात्र ते जुन्या प्रबंधातून नव्या प्रबंधात वारसाहक्काने जात राहतात.

आणखी एक मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे, आणि वर्णनातच म्हटलंय की ती कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घकालीन ताणातून येते. त्यामुळे ‘इतक्या टक्के नर्सना बर्नआउटचं निदान झालं’ असं वाक्य लिहिण्याआधी थांबा. प्रश्नावलीने निदान होत नाही.

0 ते 80.5 टक्के

हा सगळा कीस काढण्याला अर्थ आहे का, असं वाटत असेल तर एकच अभ्यास वाचा. रोटेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘जामा’मध्ये डॉक्टरांमधल्या बर्नआउटच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. 45 देशांतले 182 अभ्यास. एकूण बर्नआउटचं प्रमाण किती निघालं? कुठे 0 टक्के, कुठे 80.5 टक्के. आणि बर्नआउट किंवा त्याचे उपभाग ठरवायच्या व्याख्या किती? किमान 142.

या आढाव्याचं खरं मोल आहे ते लेखकांच्या निष्कर्षात. इतक्या वेगवेगळ्या व्याख्या असताना सरासरी प्रमाण काढण्यात अर्थ नाही असं ठरवून त्यांनी तो आकडा दिलाच नाही. हे धाडस शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे ‘भारतातील इतके टक्के आरोग्य कर्मचारी बर्नआउटग्रस्त आहेत’ असं पहिल्याच प्रकरणात ठोकून द्यायची घाई असते. तुमच्या प्रबंधात असा आकडा घेणार असाल, तर त्याच वाक्यात टूल कोणतं आणि रेषा कुठे ओढली तेही लिहा. ते लिहिता येत नसेल तर आकडा वगळा.

एमबीआय विकत घ्यावी लागते. फुकटात आणि वेगळ्या विचारातून बनवलेलं एक टूल आहे, कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी. लघुरूप सीबीआय, त्यामुळे गाइडसमोर नाव घेताना जरा हसू येतं. डेन्मार्कच्या ख्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी ते 2005 मध्ये मांडलं. यात 19 प्रश्न आहेत आणि थकवा तीन ठिकाणी शोधलाय: एकूण आयुष्यात, कामात आणि ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांबरोबर. एमबीआयवरचा त्यांचा आक्षेप मुळावर घाव घालणारा आहे: बर्नआउट म्हणजे एमबीआय जे मोजते ते, आणि एमबीआय मोजते ते बर्नआउट, हे गोल गोल फिरणं झालं. आक्षेप पूर्ण पटला नाही तरी चालेल. पण ‘हेच टूल का?’ या प्रश्नाला ‘सगळे वापरतात म्हणून’ हे उत्तर आरआरसीत देऊ नका.

मराठीत विचारताना

टूलचं भाषांतर म्हणजे मागच्या पानावरचं काम, असं समजू नका. ‘कंटाळा’ हाच शब्द घ्या. ‘आज फार कंटाळलेय’ असं एखादी सिस्टर म्हणते तेव्हा ती दमलेली असते की तिला कामात रस उरलेला नाही? मराठीत दोन्ही अर्थ चालतात, आणि तुमच्या टूलमध्ये हे दोन अर्थ दोन वेगळ्या खान्यांत जातात. ‘वीट आला’ म्हटलं की तीव्रता एकदम वाढते. ‘त्राण उरत नाही’ म्हटलं की ते शरीराबद्दल होतं. प्रत्येक शब्दाबरोबर स्कोअर सरकतो.

कोरडेपणाचे प्रश्न तर त्याहून अवघड. ‘रुग्णाशी तुम्ही वस्तूशी वागावं तसं वागता का?’ अशा धाटणीचा प्रश्न मराठीत छापून, मेट्रनच्या हस्ते वाटून, मेट्रनच्याच टेबलावर जमा करायला सांगितला, तर कोण हो म्हणेल? सगळीकडे 0 येईल आणि तुम्ही लिहाल, ‘प्रस्तुत नमुन्यात कोरडेपणाचं प्रमाण अत्यल्प आढळलं.’ आढळलं ते टेबलाचं वजन.

यावर उपाय आहेत. उलट भाषांतर करून तपासणं हा पहिला, आणि तो पुरेसा नाही. पाच-सात जणींना प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि उत्तर देताना मनात काय आलं ते बोलायला सांगा. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, दोन दुपारी लागतात. फॉर्म बंद पाकिटात, वॉर्डबाहेरच्या पेटीत टाकायची सोय करा.

आणि हेही विचारा: फॉर्म न भरणाऱ्या कोण? सर्वांत खचलेली नर्स रजेवर असते, नोकरी सोडून गेलेली असते, किंवा तिच्याकडे तुमची चार पानं भरायला वेळच नसतो. उरलेल्यांवरून काढलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी निघण्याची शक्यता मोठी.

रुग्णाची बाजू: समाधान म्हणजे यश?

आता दुसरी प्रश्नावली. रुग्णाला आधार मिळाला का, हे आपण बहुधा समाधानावरून ठरवतो. ‘सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ हा प्रश्न डिस्चार्जच्या कागदांची वाट बघत बसलेल्या माणसाला विचारला की उत्तर ठरलेलं: ‘चांगलं आहे की.’ कित्येकदा उत्तर रुग्णाचं नसतंच, शेजारच्या स्टुलावर बसलेल्या नातेवाइकाचं असतं. मग 100 पैकी 90 जण समाधानी निघतात, सगळे स्कोअर वरच्या टोकाला गोळा होतात आणि चांगला वॉर्ड कोणता, वाईट कोणता, हे टूलला सांगताच येत नाही.

समाधान खरं असलं तरी ते यशच असतं असं नाही. फेंटन आणि सहकाऱ्यांचा 2012 चा अमेरिकेतला अभ्यास यासाठी वाचावा. 50 हजारांहून अधिक प्रौढांची माहिती होती. सर्वाधिक समाधानी गटात इमर्जन्सी विभागात जाण्याचं प्रमाण कमी होतं, पण रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण जास्त, खर्च जास्त आणि मृत्यूचा धोका सर्वांत असमाधानी गटाच्या तुलनेत 26 टक्क्यांनी जास्त. लगेच ‘समाधानाने माणसं मरतात’ असं लिहू नका हं! हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. ज्यांची तब्येत जास्त नाजूक, त्यांचं डॉक्टरांशी नातं जास्त घट्ट असू शकतं, आणि आकडेवारीतून ते पूर्ण वेगळं काढणं कठीण असतं. पण एवढं नक्की कळतं की समाधान आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग समाधानाऐवजी ठोस परिणाम मोजावा का? आपल्या जवळचं उदाहरण घेऊ: क्षयरोग. टीबीच्या कार्यक्रमात ‘यशस्वी उपचार’ याची व्याख्या आहे: बरे झालेले अधिक उपचार पूर्ण केलेले. ‘बरे झालेले’ म्हणायला शेवटी तपासणीत जंतू नाहीत हे दिसावं लागतं. ‘पूर्ण केलेले’ या खान्यात असा पुरावा नसला तरी चालतो. दोन्ही मिळून यशाची टक्केवारी होते. व्याख्या स्पष्ट आहे, मोजता येते, देशादेशांत तुलना होते. समाधानापेक्षा ही कितीतरी पक्की.

पण या टक्केवारीच्या मागे कोण आहे ते बघा. साध्या टीबीचा उपचार निदान सहा महिने चालतो. औषधाने मळमळतं, काम बुडतं, दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या सोडाव्याशा वाटतात. अशा वेळी दारात जाऊन ‘ताई, आजची गोळी घेतली का?’ असं विचारणारी बहुतेक वेळा आशा असते. औषधांना दाद देणाऱ्या टीबीच्या एका रुग्णाचा उपचार पूर्ण झाला की उपचार-सहायकाला 1000 रुपये मिळतात. सहा महिन्यांवर वाटून बघा. रुग्ण कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेला, किंवा मुळातच इतका कुपोषित होता की वाचला नाही, तर तो यशाच्या खान्यात येत नाही. तिच्या फेऱ्या मात्र झालेल्याच असतात. त्या कुठल्याही खान्यात येत नाहीत.

रुग्ण का वाचतो याची कारणं एका माणसाच्या चिकाटीपलीकडची असतात. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. पोषण आहार दिलेल्या टीबी रुग्णांमध्ये सुरुवातीच्या दोन महिन्यांत वजन वाढलं, तर मृत्यूचा धोका कमी होता असं त्यात दिसलं. म्हणजे यशात धान्याचाही वाटा आहे. यशाची टक्केवारी घेऊन तुम्ही थेट आशांचं मूल्यमापन केलंत, तर धान्य न मिळाल्याचा दोष त्यांच्या नावावर लागतो.

आणि गंमत बघा. बहुतेक बर्नआउट टूल्स ‘तुमची नोकरी’ धरून चालतात. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका, तिला पगार नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला. तिची ड्यूटी कधी संपते? 2023 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशा बेमुदत संपावर गेल्या. त्यांच्या मागण्यांची यादी वाचा. थकव्याची कारणं सरळ मराठीत, शून्य ते सहाच्या मोजपट्टीशिवाय तिथे सापडतील. टूल निवडण्याआधी असा दस्तऐवज वाचणं हेही संशोधनच आहे.

दोन आकडे जोडताना

आता सगळ्यात मोठी फट. तुमच्याकडे 150 नर्सचे बर्नआउट स्कोअर आहेत आणि 300 रुग्णांचे समाधानाचे. कोरिलेशन काढायला प्रत्येक ओळीत दोन आकडे लागतात. पहिल्या ओळीतली नर्स आणि पहिल्या ओळीतला रुग्ण यांचा संबंध काय? काहीच नाही. त्या रुग्णाला तीन पाळ्यांत दहा जणींनी बघितलेलं असतं. तरीही दोन रकाने शेजारी ठेवून r काढला जातो, तो ‘0.05 पातळीवर सार्थ’ही निघतो कधीकधी. तो आकडा फक्त फॉर्म कुठल्या क्रमाने रचले ते सांगतो.

जोडायचंच असेल तर वॉर्डाच्या किंवा रुग्णालयाच्या पातळीवर जोडा: या वॉर्डातल्या नर्सची सरासरी, त्याच वॉर्डातल्या रुग्णांची सरासरी. पण मग सहा वॉर्ड असतील तर तुमचा n सहा. 450 फॉर्म गोळा केले तरी सहाच. हे पहिल्या वर्षी कळलं तर आराखडा बदलता येतो, चौथ्या वर्षी कळलं तर फक्त ‘मर्यादा’ या मथळ्याखाली लिहिता येतं.

हे काम नीट कसं करतात, त्याचा नमुना म्हणजे लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा 2002 चा अभ्यास. पेनसिल्व्हेनियातली 168 रुग्णालयं, 10,184 नर्स आणि शस्त्रक्रिया झालेले 2,32,342 रुग्ण. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि नर्सच्या बर्नआउटची 23 टक्क्यांनी.

या अभ्यासाची ताकद मोठ्या सॅम्पलमध्येच आहे असं नाही. तीन गोष्टी बघा. एक, रुग्णांचे परिणाम रुग्णालयाच्या नोंदींतून घेतले, नर्सचा थकवा नर्सकडून. स्रोत वेगळे. दोन, तुलना रुग्णालयारुग्णालयांत केली, त्यामुळे जोडणी खरी आहे. तीन, आणि हेच महत्त्वाचं, त्यांनी थकवा आणि मृत्यू हे दोन आकडे नुसते शेजारी ठेवले नाहीत, तर दोन्हींच्या मागे असलेला कामाचा भार मोजला. त्यामुळे चर्चा ‘नर्सने ध्यान करावं का’ यावर न जाता ‘नर्स किती नेमाव्या’ यावर गेली. हाही एका वेळचाच अभ्यास आहे, कारण आणि परिणाम त्यातून पक्के सिद्ध होत नाहीत. तरीही तो योग्य प्रश्न विचारतो.

याच्या उलट, 2018 मध्ये पॅनागिओटी आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांवरच्या 47 अभ्यासांचा आढावा घेतला. बर्नआउट आणि असुरक्षित उपचार यांचा संबंध त्यांना दिसला. पण चुका डॉक्टरने स्वतः सांगितल्यात की यंत्रणेच्या नोंदीतून आल्यात, यानुसार निकाल बदलत होता. दमलेला माणूस आपल्या चुका जास्त मोजतो, हेही शक्य आहे ना? एकाच माणसाला एकाच कागदावर थकवाही विचारायचा आणि चुकाही विचारायच्या, यात हा धोका कायम असतो.

सिनॉप्सिस देण्याआधी

एवढं सगळं वाचून विषयच सोडून देऊ नका. चार बदल करा.

1. थकव्याबरोबर भार मोजा: एका पाळीत किती रुग्ण, महिन्यात किती रात्रपाळ्या, किती पदं रिकामी, किती रजिस्टरं आणि किती ॲप्स भरावी लागतात. ही माहिती ड्यूटी रोस्टरमधून मिळते, कुणाच्या भावना विचाराव्या लागत नाहीत.

2. यशाची व्याख्या आधी लिहा आणि त्या यशात कर्मचाऱ्याच्या हातात नसलेलं काय काय आहे, त्याचीही यादी करा.

3. एमबीआय वापरत असाल तर तीन भाग वेगळे ठेवा, बेरीज नको, जुने कटऑफ नकोत. सरासरी आणि गुणांची पसरण द्या.

4. जोडणी कुठल्या पातळीवर करणार आणि तिथे n किती, हे गाइडला पहिल्याच भेटीत दाखवा. वॉर्ड कमी असतील तर कोरिलेशनचा हट्ट सोडून दोन-तीन वॉर्डांचा खोल, मुलाखतींसह अभ्यास करा. तो कमी दर्जाचा नसतो.

आणि शिफारशींचं प्रकरण लिहाल तेव्हा एक साधी कसोटी लावा. तुमची शिफारस अमलात आणायची तर कुणाला काही करावं लागेल? उत्तर ‘फक्त नर्सला’ असं येत असेल, म्हणजे तिनेच कार्यशाळेला यावं, तिनेच सकारात्मक राहावं, तर बहुधा तुम्ही भार मोजलेलाच नाही. तुमचा फॉर्म भरायला तिने दिलेली वीस मिनिटंसुद्धा तिच्या पाळीतूनच गेलेली असतात. त्या बदल्यात तिच्या हाती निदान असा आकडा यावा, जो ती प्रशासनासमोर ठेवू शकेल.